आईच्या होडीचं छप्पर

होडीला छप्पर लावायचं, एवढं ठरायला एक संध्याकाळ पुरली. कोणतं लावायचं हे ठरता ठरता उन्हाळा सरत आला, आणि त्या दिवसांत मी जितकी चिडले तितकी आयुष्यात कधी चिडले नसेन. मी मुळात भांडणारी बाई नाही. शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिथे माझं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य म्हणजे "पानं दुमडू नका."

बाबा माघात गेले. आमचं घर पनवेलच्या कोळीवाड्यात, खाडीला लागून. बाबांची एक लहान होडी होती. दोन माणसं, दोन टोपल्या आणि थोडं जाळं एवढंच तिच्यात मावतं. ती बाबा आणि आई मिळून चालवत. बाबा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून पाग टाकायचे. पागाचं जाळं खांद्यावर घेऊन, कमरेतून वळून गोल फेकावं लागतं. त्याला डोक्यावर मोकळं आभाळ हवं. आई मागच्या टोकाला बसून, तोंड पुढे करून वल्हं मारायची. होडी कुठे न्यायची ते बाबा मागे न बघता हातानेच दाखवायचे, आणि आई तिला हवी तिकडे न्यायची. त्यावरून दोघांची रोज वादावादी व्हायची आणि मासळी मात्र मिळायची.

आई बरीच वर्षं छप्पर मागत होती. "डोकं तापतंय माजं, कायतरी बांदा वरती," असं ती म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं : "छप्पर बांदलं तर पाग कुठं मारू, तुज्या डोक्यात?" विषय तिथे संपायचा. म्हणून या वर्षी छपराचं नाव निघालं तेव्हा मला वाटलं, हे काम तरी सोपं आहे. आता पाग मारणारं कोणी नव्हतं.

बाबा गेल्यावर आईने सव्वा महिना उंबरठा ओलांडला नाही. तशी आमच्याकडे रीत आहे. मीही नव्या पनवेलचं माझं घर बंद करून तिच्याजवळ राहायला आले. सव्वा महिना सरला आणि दुसऱ्याच दिवशी ती होडीवर गेली. सोबत काका. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे उभं राहून पाग टाकणं त्यांना शक्य नाही. दोघांनी चिंबोऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचे, पिंजरे लावायला सुरुवात केली. आई मागे वल्ह्यावर, काका मधे बसून पिंजरे ओढणार. चैत्राच्या शेवटी एका दुपारी आईला वल्ह्यावरच घेरी आली. काकांनी तिच्या तोंडावर खाडीचं पाणी मारलं, तिला होडीत आडवं केलं आणि गुडघ्यांना शिव्या देत एकट्याने होडी धक्क्याला आणली. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन लागलंय, पुन्हा असं चालणार नाही.

त्या संध्याकाळी दादा आला. दादा माझा मोठा भाऊ, बेलापूरला नोकरीला आहे. बूट न काढताच तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आई, बस झालं आता. होडी देऊन टाकू. करंजाला एक जण विचारतोय."

"दे," आई म्हणाली. "मनाबी दे तिच्यासंगं. तिकडं मासली सुकवीन."

"मी मस्करी करत नाहीये."

"मी तरी कुटं करतंय?"

दादाच्या कपाळावरची शीर उठली. त्याला आईची काळजी होती, आणि काळजी दाखवायची त्याची एकच पद्धत आहे : एखादी वस्तू विकून टाकणं. आईकडे दुसरं काय होतं? ती काही साठीनंतर भजनाला जाऊन बसणारी बाई नव्हे. बाबा गेल्यापासून घरात ती नुसती भिंतीला टेकून बसायची. होडीवरून परतली की मात्र काकांना चार शब्द सुनवायची, जेवायची, झोपायची. हे मी रोज बघत होते. म्हणून मीच म्हणाले, "छप्पर लावू या. इतकी वर्षं मागतेय ती."

दादाने मान्य केलं, पण अट घातली. नीट सावली झाली तर होडी राहील. आईला पुन्हा चक्कर आली, किंवा ती उन्हातच बसतेय असं कळलं, तर तो कोणाचं ऐकणार नाही. होडी आता कागदावर त्याच्या नावावर होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी हे बोलले, तर एक बाई म्हणाल्या, "अहो, पण आईंना सांगा ना, सकाळी लवकर जाऊन यायचं." असं मला पुढे कितीतरी जणांनी सांगितलं. भरती-ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, होडी पाणी असेल तेव्हाच निघते, चिखलातून निघत नाही, त्यामुळे पंधरवड्यातले निम्मे दिवस भर दुपारीच खाडीत असावं लागतं, हे मी पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. नंतर नंतर मी नुसती "हो" म्हणायला लागले.

पहिली आली ती छत्री. भाजीवाल्यांकडे असते तसली रंगीत, मोठी, जाड दांड्याची. काकांनी ती कुठून तरी उचलून आणली आणि होडीच्या मधल्या फळीला भोक पाडून बसवली. धक्क्याला बांधलेल्या होडीवर ती झकास दिसत होती. पोरंटोरं "चाट मिळेल का, चाट?" असं ओरडून गेली. काका एकटेच चक्कर मारायला निघाले. पुलापलीकडे खाडी रुंद होते, तिथे वारा लागला. होडी बाजूला सरकायला लागली, काका वल्हं मारतायत एकीकडे आणि होडी जातेय दुसरीकडे. शेवटी छत्री उलटी झाली, दांडा फळीचा तुकडा घेऊन निघाला आणि सगळं काठच्या तिवरांच्या झाडांत जाऊन पडलं. फळी बदलावी लागली.

मग मी वाचायला बसले. मला दुसरं काही येत नाही. होड्यांच्या छपरांबद्दल इंटरनेटवर पुष्कळ आहे : चकचकीत नळ्यांचे सांगाडे, घडी होणारे, निळ्या-पांढऱ्या कापडाचे. सगळ्या चित्रांत त्या सावलीत गोरी माणसं सरबत पीत बसलेली. चिंबोरी कुठल्याच चित्रात नव्हती. एका रविवारी मी काकांना घेऊन करंजाला गेले. तिथे बंदरात मोठ्या बोटींचं सामान मिळतं. दुकानदाराने आमची होडी केवढी ते विचारलं आणि मी दोन्ही हात पसरून दाखवल्यावर तो हसायलाच लागला.

"एवढ्याशा होडीला छप्पर? वरात काडायची हाय का?"

"माझ्या आईला ऊन लागतं," मी म्हणाले.

"मंग तिला घरी बसवा."

काकांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. मी दुकानदाराला काहीतरी बोलणार होते. काय, ते अजून सुचलेलं नाही. येताना रोपवाटिकेच्या दुकानातून मी हिरवी जाळी घेतली, झाडांवर घालतात ती. वारा आरपार जाईल आणि ऊनही अडेल, असा माझा हिशोब. आईने ती धक्क्यावरच दोन्ही हातांनी आभाळासमोर धरली.

"ही गालनी हाय," ती म्हणाली. "मी काय रोप हाय, हिच्याखाली ठेवायला?"

"दुहेरी घालू."

"दुहेरी गालनी."

तोवर शाळेला सुट्टी लागली होती. ऊन असं की धक्क्याच्या दगडावर पाय ठेवता येत नव्हता. दादाचा दर दोन दिवसांनी फोन यायचा, "झालं का?" आई मधल्या काळात ओलं फडकं डोक्यावर घेऊन जातच होती, आणि मी फोनवर "होतंय" म्हणत होते.

काका आणि मी बसून सांगाडा तरी ठरवला. दादाने त्याच्या ऑफिसातून कागदावर होडी काढून पाठवली होती : एक लांबट आकार, दोन टोकं, मधे फळ्या. मागे वल्हं फिरवायला जागा मोकळी हवी, म्हणून छप्पर पुढच्या अर्ध्या भागावर. चार बांबू. काकांनी मागे जाऊन बसल्या बसल्या वल्हं मारायचं, आईने पुढे सावलीत बसून पिंजरे ओढायचे. कागदावर ते फार बरोबर दिसत होतं. आता फक्त वर काय घालायचं तेवढा प्रश्न होता. मी ताडपत्री म्हणत होते. काका म्हणाले, "तू नको त्रास करून घेऊ. मी बगतो."

दोन दिवसांनी भरतीच्या वेळी त्यांनी मला धक्क्यावर हाक मारली. छप्पर तयार होतं. चार बांबूंवर घट्ट ताणलेलं, कोपऱ्यांना सुतळी. मी खाली वाकून आत बघितलं आणि वरून बाबा माझ्याकडे बघत होते.

बाबा गेले तेव्हा गल्लीतल्या मुलांनी नाक्यावर श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला होता. तोच हा. आमच्याकडे फ्लेक्स कोणी टाकत नाही. नाक्यावरून उतरला की कोणाच्या गळक्या पत्र्यावर, कोणाच्या लाकडांवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर जातो. निम्म्या कोळीवाड्याच्या डोक्यावर कुठल्या ना कुठल्या साहेबांचा वाढदिवस आहे. तरीही.

"काका, हा बाबांचा आहे."

"मंग? परक्याचा लावू?"

"पण असा?"

"कसा? नवा हाय, जाड हाय, पानी जात नाय. लोकांच्या डोक्यावर पुढारी, आपल्या डोक्यावर आपला मानूस."

"निदान उलटा तरी लावा. तोंड वर करून."

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "वर बगले हागतात, बाय."

मी ते काढा म्हणत होते, काका नाही म्हणत होते, आणि आमचं चाललेलं असताना आई फडकं आणि आमिषाचा डबा घेऊन आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिने हा फ्लेक्स कधी बघितलेलाच नाही. तो नाक्यावर होता तेव्हा ती उंबरठ्याच्या आत होती, आणि ती बाहेर पडायच्या आत तो उतरला होता.

आई होडीत उतरली आणि वर बघत उभी राहिली. फोटो बाबांच्या जुन्या ओळखपत्रावरून घेतलेला. स्टुडिओवाल्याने मोठा करताना गळ्याखाली निळा कोट आणि टाय जोडला होता.

"यो कोट कोनाचा?" आई म्हणाली.

"फोटोवाल्याचा," काका म्हणाले.

"वैशाखात कोट. गरमीनं मरंल नं तो."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. ती हसली. काका हसले. मला हसू येत नव्हतं, रडूही येत नव्हतं. मला फक्त ते छप्पर एकदाचं झालेलं हवं होतं. तिला चालत असेल तर मलाही चालेल, असं मी मनाशी म्हटलं आणि होडीत उतरले. म्हटलं, आज आपणही जाऊन बघू.

काका मागे जायला निघाले. पण आई त्यांच्या आधी फळ्या ओलांडत मागच्या टोकाला गेली, बसली आणि तिने वल्हं हातात घेतलं.

"आई, तू पुढे."

"चल, सोड दोर. पानी उतरंल."

काकांनी दोर सोडला. त्यांना दुसरी जागाच उरली नाही. ते छपराखाली पाय पसरून बसले, वर भाऊ कोट घालून. "नवरदेव झालो," ते म्हणाले. आई ऐन उन्हात वल्हं मारायला लागली.

पुलाखालच्या सावलीतून होडी बाहेर आली, आईने डोळे बारीक केले, पदर ओढून घेतला, आणि माझा तोल गेला. मी ओरडले. एवढे दिवस हे कशासाठी चाललंय? करंजाला मी कशाला गेले होते? तू वर्षानुवर्षं सावली मागत होतीस, आता सावली आहे तर तू तिच्याबाहेर बसतेस. उद्या दादाला कळलं तर ही होडी राहायची नाही. माझा आवाज पाण्यावरून लांब जात होता. पलीकडे कोणीतरी गळ टाकून बसलं होतं, त्याने वळून बघितलं.

आई म्हणाली, "बाईमानसानं नालंवर बसायचं नसतं."

हे मला माहीत होतं. नारळी पुनवेला नाळेला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. तिथे बाईने पाय द्यायचा नाही. लहानपणी नाळेवर चढले म्हणून मी धपाटाही खाल्लेला आहे. पण दादाच्या कागदावर दोन्ही टोकं सारखीच होती, आणि त्या कागदाकडे बघताना आम्हा तिघांपैकी एकालाही हे आठवलं नाही.

"नाळेवर कोण सांगतंय? नाळेच्या मागच्या फळीवर बस."

"तितं नको."

"का नको?"

"नको म्हनलं नं."

"आई, तिथे आता कोणी उभं राहत नाही!"

काकांनी मान खाली घातली. आईचं वल्हं थांबलं नाही. एक-दोन फटके मारून झाल्यावर ती म्हणाली, "मना म्हाईत हाय. मी रोज बगतंय."

मग काही वेळाने, जरा चिडून, मला नव्हे तर वल्ह्याला सांगितल्यासारखं, "हितं बसून समोर बगायची सवय हाय मना. ह्ये तुमचं छप्पर मदी आलं, आता तेबी दिसत नाय. त्याच्या पाठीमागं चालवलीय मी होडी. पाठ नाय तर नाय, जागा तरी दिसू दे."

वारा आला आणि फ्लेक्स फडाड् फडाड् वाजायला लागला. मी चिंबोऱ्यांच्या रिकाम्या टोपलीवर बसून राहिले. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर राग गेला नव्हता. हे तिने आधी सांगितलं असतं तर? आम्ही विचारलं असतं तर? त्यातलं काहीच झालेलं नव्हतं आणि तिची मान उन्हाने लाल होत होती.

धक्क्याला लागल्यावर काकांनी बांबू उपटले. फ्लेक्सची घडी आईने मागून घेतली.

आता छप्पर मागे हवं होतं, वल्हवणाऱ्याच्या डोक्यावर. पण तिथे चार बांबू लावले तर वल्हं अडकतं, आणि उंच केले तर वारा भरतो. काका म्हणाले, होतच नाही. दादाने फोनवर सांगितलं, करंजाचा माणूस महिनाअखेर येतोय. मी स्टेशनकडून रिक्षाने घरी येत होते. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर रिक्षाचं हूड माझ्या डोक्यावर आहे हे मला पहिल्यांदाच दिसलं. ड्रायव्हरला म्हटलं, हे कुठे शिवतात?

हूड शिवणाऱ्या चाचांना होडी म्हटल्यावर मजा वाटली. "मॅडम, मीटर पण लावून देऊ?" ते म्हणाले. मी इतकी दमले होते की हो म्हणणार होते. दोन लोखंडी कमानी, वर रेक्झिन, पाठीमागून पुढे ओढलं की सावली, मागे ढकललं की घडी; वारा आला तर पाडून टाकायचं. पहिलं त्यांनी रिक्षासारखं काळं शिवलं. आई त्याच्याखाली जेमतेम बसली आणि म्हणाली, "तवा हाय, तवा." परत नेलं. दुसरं पांढरं शिवून आणलं तर त्याची कमान तिच्या कोपराला लागत होती. परत नेलं. तिसऱ्या वेळी चाचांनी मला बघून दुकानाच्या आतूनच हात जोडले, पण कमान रुंद करून दिली.

दादा स्वतः बघायला आला. आई हुडाखाली बसली, चार हात वल्हं मारून दाखवलं, समोर नाळेकडे सगळं मोकळं. काका मधे, डोक्याला फडकं बांधून. दादा दोन्ही बाजूंनी फिरून बघत म्हणाला, "हे ठीक आहे. हे वापरत असेल तर पावसाळ्यानंतर बघू." करंजाच्या माणसाला त्याने तिथूनच फोन केला. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण रात्रीच्या जेवणात चिंबोरीचा सगळ्यात मोठा आंगडा, सगळ्यात मांसल नांगी, त्याच्या ताटात पडला.

मला वाटलं, सुटलो.

आता भर दुपारची भरती असली की मी पाण्याची बाटली घेऊन धक्क्यावर जाते. पुलाच्या पलीकडे होडी दिसायला लागते, तेव्हा हूड पाडलेलं असतं. आई पदर घट्ट बांधून, ताठ बसून, उन्हात वल्हं मारत येते. पूल ओलांडला की ती मला बघते. मग वल्हं मांडीवर ठेवते आणि हात मागे नेऊन हूड पुढे ओढून घेते. धक्क्याला लागते ती सावलीत बसलेली. मानेवरची कातडी सोलून निघालेली असते. मी विचारते, ती म्हणते वारा होता. काकांना विचारलं तर ते पिंजरे मोजायला लागतात. मी भांडते. ती ऐकते, बाटलीतलं पाणी पिते आणि उरलेलं डोक्यावर ओतून घेते. "त्याच्याखाली बसलं की घरात बसल्यासारकं वाटतं," एकदा म्हणाली. "मंग घरातच बसते नं मी."

परवा होडी धक्क्याला लागत होती तेव्हाच दादाचा फोन आला. "आहे का छप्पर? वापरते ना?"

आईने खालून माझ्याकडे बघितलं. कोणाचा फोन आहे हे तिला कळलं होतं. हूड वर होतं, आताच ओढलेलं, अजून नीट बसलंही नव्हतं.

"वापरते," मी म्हणाले.